नदी सुधरतेय का बिघडतेय, हे आकड्यावरून कसं बघायचं (खास मराठवाड्यातल्या नद्यांसाठी)

आपल्याकडं नदीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात, म्हातारे सांगतात आम्ही गंगेचं (म्हणजे गोदावरीचं) पाणी ओंजळीनं प्यायचो आणि तरणी पोरं सांगतात आता निस्ता नाला झालाय. दोन्ही खरंच आहे. पण पूर्वी म्हणजे कोणत्या साली आणि नाला म्हणजे नेमकी किती घाण, असं कुणी विचारलं की सगळे गप्प बसतात आणि ग्रामसभेत नाहीतर नगरपरिषदेत आपलं म्हणणं तिथंच पडतं. नदीकाठचे मास्तर, कॉलेजची पोरं, मासेमारी करणारे भोई, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, कुणीही असा, तुमच्यासाठी हे लिहितोय. वॉटर क्वालिटी इंडेक्स हा आकडा काढायचा कसा, आणि मेन म्हणजे तो वर्षानुवर्षं वाचायचा कसा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ही इंडेक्सची पद्धत मुळात बारमाही वाहणाऱ्या नद्या डोळ्यासमोर ठेवून बनलेली आहे. आपल्या नद्या तशा नाहीत. मांजरा, तेरणा, सिंदफणा, दुधना, कयाधू, यातल्या कित्येक ठिकाणी पावसाळा संपला की धार तुटते, मग डोह उरतात, मग तेही आटतात. गोदावरीला पाणी दिसतं पण ते बंधाऱ्यात अडवलेलं असतं. त्यामुळं आपल्याकडं आकड्याच्या शेजारी ‘पाणी वाहत होतं का’ हा रकाना पाहिजेच, तो नसला तर आकडा अर्धवट आहे असं समजा.

इंडेक्स म्हणजे काय, आणि कोणता घ्यायचा

पाण्यात मोजायच्या गोष्टी पन्नास आहेत, प्रत्येकीचं एकक वेगळं, सामान्य माणसाला त्यातून काही कळत नाही, म्हणून सगळं मिळून शंभरपैकी एक आकडा काढायचा ही कल्पना. १९६५ साली अमेरिकेत हॉर्टन यांनी ती पहिल्यांदा नीट मांडली, १९७० मध्ये तिथंच नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशनचा नऊ घटकांचा इंडेक्स आला. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्यातले चारच घटक ठेवून वजनं बदलली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी, हाच चार घटकांचा इंडेक्स वापरतं. घटक असे: विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, त्याचं वजन ०.३१, फिकल कोलिफॉर्म, म्हणजे माणसाच्या नि जनावराच्या आतड्यातले जंतू, ०.२८, पीएच, म्हणजे पाणी आम्ल का अल्कली ते, ०.२२, आणि बीओडी ०.१९. बीओडी म्हणजे पाण्यातली सडकी घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन संपवतात ते, आपल्याकडं ते २७ अंशावर ३ दिवस ठेवून मोजतात, लिटरमागं मिलिग्रॅममध्ये.

माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात याच चार घटकांपासून करा. नऊ घटकांच्या नादात फॉस्फेटची टेस्ट कुठं करायची यातच वर्ष जातं आणि रजिस्टर रिकामं राहतं. शिवाय मंडळाचे आकडे याच पद्धतीचे असल्यानं तुमचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवून बोलता येतं. पट्टे असे: ६३ च्या वर चांगलं, ५० ते ६३ मध्यम ते चांगलं, ३८ ते ५० खराब, ३८ च्या खाली फारच खराब.

इथं एक सावधगिरी. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, पीएचडीच्या प्रबंधात बऱ्याचदा ‘वेटेड अरिथमेटिक’ नावाची दुसरी पद्धत असते आणि तिची दिशा उलटी असते, तिथं ० ते २५ म्हणजे उत्तम आणि १०० च्या वर म्हणजे पिण्यालायक नाही. जुन्या प्रबंधातला ४५ आणि तुमचा ४५ एका ग्राफवर टाकलात तर सगळा खेळखंडोबा होईल. जुना डेटा मिळाला तर इंडेक्स घेऊच नका, मागची कच्ची रीडिंगं घ्या आणि आपल्या पद्धतीनं परत हिशोब करा.

जागा

तीन जागा पुरेत. गावाच्या किंवा शहराच्या वर एक, नाला मिळतो त्याच्या खाली एक, आणि आणखी दोनतीन किलोमीटर खाली जिथं पाणी मिसळून एकजीव झालंय तिथं एक. नाल्याच्या तोंडाशीच नमुना घेऊ नका, तिथं तुम्ही नाला मोजता, नदी नाही, आणि नाल्याचं पाणी बराच लांबपर्यंत एकाच काठाला धरून वाहतं त्यामुळं अल्याड घेतलं तर बेकार आणि पल्याड घेतलं तर छान असं होतं. शक्यतो धारेच्या मधून घ्या.

केटी वेअर, म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, असेल तर अजून बघावं लागतं. बंधाऱ्याच्या वरचं साचलेलं पाणी आणि सांडव्यावरून पडून फेसाळलेलं पाणी यांत ऑक्सिजनचा मोठा फरक असतो, पाणी आपटलं की हवा मिसळते आणि डीओ वाढतो, म्हणून पडत्या पाण्याच्या लगत नमुना घेऊन नदी सुधरली म्हणणं चुकीचं आहे. बर्गे (बंधारा बंद करायच्या फळ्या) टाकले कधी आणि काढले कधी ही तारीख रजिस्टरला लिहा. जागा ठरली की फोनवर लोकेशन सेव्ह करा, फोटो काढा, जवळचा खांब, घाट, जॅकवेल असं काही न हलणारं लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी नमुना दुसराच माणूस घेणार असतो.

वेळ आणि वाहणं, इथंच सगळी मेख आहे

मार्च-एप्रिलमध्ये नांदेडच्या, गंगाखेडच्या घाटाजवळचं साचलेलं हिरवं पाणी बघा. ते हिरवं म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, एवढा की दुपारी तीनला डीओ शंभर टक्क्याच्या (त्या तापमानाला पाण्यात मावतो तेवढा म्हणजे शंभर) वर, १२०-१३० टक्केही जाऊ शकतो. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे पाच वाजता डीओ तळाला जातो, मासे वर येऊन तोंड उघडतात, भोई लोकांना हे चांगलं माहीत असतं. म्हणजे एकाच जागेचा, एकाच दिवसाचा इंडेक्स पहाटे एक आणि दुपारी भलताच. यातून करायचं एवढंच की वेळ पक्की करा. मी सकाळी सात ते नऊ सांगतो, कारण रात्रीचा परिणाम अजून थोडा टिकून असतो आणि नमुना घेऊन लॅब गाठायला दिवस हाताशी राहतो. वर्षातून दोनदा तरी, एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिलात, पहाटे आणि दुपारी अशी दोन्ही वेळेला फक्त डीओ आणि पीएच मोजून बघा, दोन्हींतली तफावत जितकी मोठी तितकं पाणी खतावलेलं, म्हणजे शेवाळ पोसणारी खतं त्यात जास्त. माझ्या मते इंडेक्सपेक्षा ही तफावत डोहाबद्दल जास्त सांगते. जलपर्णीनं झाकलेल्या ठिकाणी उलटं होतं, ऊन आत जात नाही आणि खाली डीओ दिवसाही पडलेला असतो.

आता वाहण्याचा रकाना. त्यात पाचच शब्द वापरा म्हणजे सगळे सारखं लिहितील: पूर, वाहती, आवर्तन, डोह, कोरडी. आवर्तन म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, जायकवाडीतून किंवा सिद्धेश्वरमधून पाणी सुटलं की दोन दिवसांत नदीचा चेहरा बदलतो, त्या आठवड्यात आकडा वर गेला तर ते श्रेय पाण्याचं, सांडपाणी कमी झालं असा त्याचा अर्थ नाही. आणि गोदावरीवर तर पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, डिग्रस, पुढं विष्णुपुरी, आमदुरा, बाभळी अशी बंधाऱ्यांची रांगच आहे, म्हणजे वर्षातला मोठा काळ आपण नदी नाही तर एकामागं एक असलेली तळी मोजतो. बाभळीचं उदाहरण तर एकदम साफ आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानुसार तिथले दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात, म्हणजे २८ ऑक्टोबरच्या आधीचं पाणी वाहतं आणि नंतरचं अडवलेलं. धर्माबाद भागात ऑक्टोबरचा आणि नोव्हेंबरचा आकडा शेजारी ठेवून घसरण झाली म्हणाल तर ती दरवाज्यांची घसरण असेल.

नदी कोरडी असेल तर त्या महिन्यात ‘कोरडी’ असं लिहाच, जागा मोकळी सोडू नका आणि शून्यही टाकू नका. कारण सांगतो. समजा एका वर्षी नदी मेपर्यंत डोहात का होईना टिकली आणि दुसऱ्या वर्षी जानेवारीतच आटली. पहिल्या वर्षीच्या सरासरीत उन्हाळ्याचे वाईट आकडे येतात, दुसऱ्या वर्षी ते महिनेच नाहीत, म्हणून दुष्काळाच्या वर्षाची सरासरी जास्त चांगली दिसते! २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तसलं साल कागदावर चांगलं दिसलं तर त्या कागदाचा काय उपयोग. वर्षाचा आकडा सांगताना नेहमी सोबत सांगा, किती महिने वाहती, किती महिने डोह, किती महिने कोरडी.

आणि शहरातून जाणाऱ्या नद्या, संभाजीनगरची खाम, बीडची बिंदुसरा, जालन्याची कुंडलिका, यांच्यात उन्हाळ्यात जी धार दिसते तिच्यात बरंचसं घराघरातून आलेलं सांडपाणीच असतं. तिथं ‘वाहती’ लिहिताना शेजारी ‘सांडपाणी’ असं जोडा.

नमुना घेणं

पाण्यात उतरण्याआधी वर धरणाचे दरवाजे उघडलेत का ते विचारा, विष्णुपुरीच्या आणि जायकवाडीच्या खाली पाणी अचानक वाढतं, आकड्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही. हातमोजे घाला. धारेकडं तोंड करून उभं राहा, बाटली वितभर पाण्याखाली नेऊन उघडा, तुमच्या पायानं उडालेला गाळ बाटलीत जाऊ देऊ नका. पुलावरून दोरीला बादली बांधून घेत असाल तर बादलीतून बाटलीत धो धो ओतू नका, हवा मिसळते आणि डीओ खोटा येतो.

डीओची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये. मीटर असेल तर जागेवरच मोजा. मीटर नसेल तर विंकलर पद्धत, कोणत्याही सायन्स कॉलेजच्या केमिस्ट्रीवाल्यांना ती येते, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड ही दोन रसायनं नदीवरच टाकून ऑक्सिजन बांधून ठेवायचा आणि टायट्रेशन लॅबमध्ये करायचं. रसायन टाकल्यावर तपकिरी साका खाली बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. अझाइड विषारी आहे, शाळेच्या पोरांच्या हातात देऊ नका, मोठ्या माणसानंच टाकावं. डीओसोबत पाण्याचं तापमान घ्यायला विसरू नका, नाहीतर पुढचा हिशोबच होत नाही.

कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक पाहिजे, ती नदीत विसळायची नाही, थोडी मोकळी ठेवून भरायची, लगेच बर्फाच्या डब्यात. सहा-आठ तासांत लॅबला पोचवा, अगदीच नाही तर २४ तासांच्या आत. बीओडीचंही तसंच, थंड ठेवून त्याच दिवशी. म्हणून लॅब आधी ठरवा आणि मग तारीख, उलटं नको. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्याशी जोडलेली कॉलेजं जवळपास प्रत्येक तालुक्याला आहेत, ज्या कॉलेजला मायक्रोबायोलॉजी आणि केमिस्ट्री दोन्ही आहे तिथल्या विभागप्रमुखांशी बोला, पोरांना प्रोजेक्ट मिळतो आणि तुम्हाला रिपोर्ट. ग्रामपंचायतीतलं फील्ड टेस्ट किट पिण्याच्या पाण्यासाठी असतं, त्यात पीएच मिळेल, नायट्रेट मिळेल, पण डीओ-बीओडी मिळणार नाही. आणि पाणी काळं पडणारी ती छोटी बाटली जंतू आहेत का नाहीत एवढंच सांगते, किती ते सांगत नाही, इंडेक्सला आकडा लागतो, १०० मिलीमागं एमपीएन (जंतूंची अंदाजे संख्या) असा. रिपोर्टवर ‘टोटल’ कोलिफॉर्म लिहिलंय का ‘फिकल’ ते नीट वाचा, टोटलचा आकडा या सूत्रात चालत नाही.

हिशोब

आधी डीओ मिलिग्रॅममधून टक्क्यात आणा. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशाला लिटरमागं ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३, ३० ला ७.६, ३५ ला ६.९. हे समुद्रसपाटीचं झालं. आपण वर राहतो म्हणून दर १०० मीटर उंचीमागं साधारण १.२ टक्के कमी करा, नांदेडला साडेतीनशे मीटरच्या आसपास म्हणजे ४ टक्के, संभाजीनगरला ६-७ टक्के. २८ अंशाला नांदेडला मावू शकतो साधारण ७.५. तुमचा डीओ ६ आला तर ६ भागिले ७.५, म्हणजे ८० टक्के.

मग प्रत्येक घटकाचा उपांक, म्हणजे त्या घटकाला मिळणारे शंभरपैकी मार्क. डीओ ४० ते १०० टक्के असेल तर टक्के गुणिले १.१७, त्यातून १३.५५ वजा. ४० च्या खाली असेल तर टक्के गुणिले ०.६६ अधिक ०.१८. १०० ते १४० असेल तर १६३.३४ मधून टक्के गुणिले ०.६२ वजा. बीओडी १० पर्यंत असेल तर ९६.६७ मधून बीओडीची ७ पट वजा, १० ते ३० असेल तर ३८.९ मधून १.२३ पट वजा, ३० च्या वर सरळ २. पीएच ५ ते ७.३ असेल तर पीएच गुणिले ३३.५ वजा १४२.६७, आणि ७.३ ते १० असेल तर ३१६.९६ मधून पीएच गुणिले २९.८५ वजा, आपल्याकडं बहुतेक वेळा हेच दुसरं लागतं. कोलिफॉर्म १००० पर्यंत असेल तर ९७.२ मधून लॉग गुणिले २६.६ वजा, १००० ते १ लाख असेल तर ४२.३३ मधून लॉग गुणिले ७.७५ वजा, लाखाच्या वर २. लॉग म्हणजे १० च्या पायाचा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की बहुतेक फोनमध्ये सापडतो.

उदाहरण करून बघू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. शहराच्या वर: डीओ ८० टक्के, बीओडी ४, पीएच ८.२, कोलिफॉर्म ४००. उपांक येतात ८०.०५, ६८.६७, ७२.१९ आणि २७.९९. आता प्रत्येकाला त्याच्या वजनानं गुणा आणि बेरीज करा: २४.८ अधिक १३.० अधिक १५.९ अधिक ७.८, इंडेक्स ६१.६ च्या आसपास, मध्यम ते चांगलं. शहराच्या खाली: डीओ ५० टक्के, बीओडी ९, पीएच ७.८, कोलिफॉर्म ५०००. उपांक ४४.९५, ३३.६७, ८४.१३, १३.६६. इंडेक्स ४२.७, खराब. एकदा शीटमध्ये सूत्रं बसवली की दर महिन्याला फक्त चार आकडे आणि तापमान टाकायचं.

वाचायचं कसं

वरचंच उदाहरण परत बघा. खालच्या जागी पीएचचा उपांक ७२ वरून ८४ झाला, म्हणजे घाण वाढली तरी पीएच ‘सुधरला’. हे खऱ्या नदीतही होतं, सांडपाणी सडताना कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चढलेला पीएच खाली येतो. ४२.७ पैकी १८ मार्क एकट्या पीएचनं दिलेत. दहावीच्या मार्कलिस्टसारखं आहे हे, टक्के बरे दिसतात पण गणितात नापास हे आत बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून इंडेक्स कधीच एकटा लिहू नका, चारही कच्चे आकडे शेजारी पाहिजेत.

कोलिफॉर्मचं तर अजून बेकार आहे. ५००० चे ५०,००० झाले, दहापट जंतू, तरी इंडेक्स फक्त २ अंकांनी खाली येतो, कारण सूत्रात लॉग आहे. घाटावर आंघोळीला येणाऱ्या माणसासाठी ही दहापट फार मोठी गोष्ट आहे. पैठणला नाथषष्ठीला, गंगाखेडच्या घाटावर, नांदेडला पर्वणीला लोक डुबकी मारतात, त्यांना इंडेक्स सांगण्यात अर्थ नाही, त्यांना कोलिफॉर्मच सांगा: आंघोळीच्या पाण्याला १०० मिलीमागं ५०० पर्यंत असावं आणि २५०० च्या वर नसावंच असा निकष आहे. बीओडी ३ च्या आत, डीओ किमान ५ मिलिग्रॅम.

अजून एक बारीक गोष्ट. डीओ ४० टक्क्यांच्या आसपास असला की एका सूत्रातून दुसऱ्यात उडी बसते, ३९ आणि ४१ टक्क्यांत इंडेक्स अडीचएक अंकांनी हलतो. पाणी बदललेलं नसतं, सूत्र बदललेलं असतं. म्हणून दोनतीन अंकांवरून बातमी करू नका. आपल्याच पद्धतीत किती हलतं हे कळायला वर्षातून काही वेळा एकाच जागेवर एकाच मिनिटाला दोन नमुने घ्या आणि लॅबला न सांगता दोन वेगळ्या नावांनी द्या. दोघांत चार अंकांचा फरक आला तर चारच्या आतला बदल हा बदल नाहीच.

खरा बदल पकडायचा तर दोन तुलना धरा. पहिली, तोच महिना, तीच वाहण्याची अवस्था, वेगवेगळी वर्षं. यंदाचा जानेवारी-डोह मागच्या जानेवारी-डोहाशी. जूनचा तर कशाशीच लावू नका, पहिल्या पावसात काठावरची, नाल्यातली वर्षभराची घाण एकदम नदीत येते आणि आकडा धाडकन पडतो, तो वेगळाच नोंदवा. साखर कारखाने सुरू असतानाचे महिने आणि गाळप बंद झाल्यावरचे महिने हेही वेगळे धरा.

दुसरी तुलना मला सगळ्यात भरवशाची वाटते, वरची जागा वजा खालची जागा. वर ६१.६ आणि खाली ४२.७, फरक १८.९. पाऊस, ऊन, आवर्तन यांचा परिणाम दोन्ही जागांवर होतो, वजाबाकीत तो बराचसा निघून जातो आणि उरतं ते शहरानं नदीला काय केलं ते. समजा पुढच्या वर्षी वर ५५ आणि खाली ४२ आले. नुसती खालची जागा बघणारा म्हणेल काही बदललं नाही. तुम्हाला दिसेल की फरक १३ वर आला, पण वरूनच नदी खराब येतेय, तर आता वरच्या गावांकडं जाऊन बघायला पाहिजे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र होणार असेल तर त्याच्या आधीचं एक पूर्ण वर्ष तरी हाताशी असू द्या, मशीन सुरू झाल्यावर मोजायला लागलात तर आधीचं कुठून आणणार.

सरासरीपेक्षा मधला आकडा घ्या, सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून बरोबर मधला, म्हणजे एका पुराच्या किंवा एका सणाच्या दिवसानं वर्ष हलत नाही. आणि मंडळाचे नॅशनल वॉटर क्वालिटी मॉनिटरिंग प्रोग्रामखालचे दर महिन्याचे आकडे एमपीसीबीच्या साइटवर असतात, पैठण, नांदेड भागातलं जवळचं स्टेशन शोधून आपल्या ग्राफवर वेगळ्या रंगानं टाका.

या इंडेक्सला काय दिसत नाही

चार घटकांत धातू नाहीत, कीटकनाशकं नाहीत, नायट्रेट नाही, क्षार नाहीत. एमआयडीसीच्या खाली नदीत शिसं किंवा क्रोमियम येत असेल तर इंडेक्स ७० सुद्धा दाखवेल. अशा ठिकाणी इंडेक्सवर विसंबू नका, वर्षातून दोनदा तरी धातूंची टेस्ट मान्यताप्राप्त लॅबमधून करा आणि ती वेगळी ठेवा, इंडेक्समध्ये मिसळायला जाऊ नका. शेतकऱ्याचा प्रश्न असेल, की हे पाणी मोसंबीला दिलं तर चालेल का, तर त्याला ईसी (पाण्यातले क्षार दाखवणारी वीजवाहकता) सांगा, सिंचनाच्या वर्गाला २२५० मायक्रोम्होपर्यंतची मर्यादा आहे. वाळूउपशानं नदीचं पात्रच खरवडलं जातं तेही इथं दिसत नाही, गढूळपणा वेगळा मोजा आणि खड्ड्यांचे फोटो लावा.

हातात आकडा आल्यावर

तुमचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे मंडळानं ठरलेल्या रीतीनं घेतलेलाच नमुना चालतो. पण त्यामुळं तुमच्या कामाची किंमत कमी होत नाही, कुठं आणि कधी नमुना घ्यायचा हे मंडळाला दाखवून द्यायला तेच लागतं. अर्जात भावना कमी आणि रकाने जास्त ठेवा: जागा, तारीख, वेळ, वाहण्याची अवस्था, चार कच्चे आकडे, लॅबचा रिपोर्ट, वरच्या-खालच्या जागेतला फरक, आणि सरळ मागणी की याच जागी याच महिन्यात मंडळानं स्वतः नमुना घ्यावा. केंद्रीय मंडळ नदीचा पट्टा प्रदूषित ठरवताना इंडेक्स नाही तर बीओडी बघतं, ३ च्या वर गेला की यादीत, आणि २०२२ च्या त्या यादीत देशातल्या ३११ पट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात होते. म्हणून अर्जात बीओडी ठळक लिहा. तरी काही हाललं नाही तर कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकालाही कोर्टात जाता येतं, पण तिथवर जायचं तर वकिलासोबत बसा.

रजिस्टर कॉलेजच्या एका पोराच्या लॅपटॉपमध्ये ठेवू नका, तीन वर्षांत तो पास होऊन पुण्याला जातो आणि सगळं त्याच्यासोबत जातं. एक वही ग्रामपंचायतीत किंवा गावच्या वाचनालयात, एक कॉलेजच्या विभागात, आणि शीटची कॉपी किमान तिघांकडं. नवीन बॅच आली की पहिले दोनतीन नमुने जुन्या बॅचनं सोबत उभं राहून घ्यायला लावा, जागा, बाटली बुडवायची पद्धत, ‘डोह’ कधी लिहायचं नि ‘वाहती’ कधी, हे वहीत वाचून नाही तर नदीवरच कळतं.